उघड्या गालाची वीस मिनिटं

"शोभाताई, तुम्ही नोकरीत नेमकं काय करत होता हो?" असं कुणी विचारलं की मी सांगते, लोकांना वीस मिनिटं गप्प बसवत होते. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई शाळेत शिक्षिका असणार. शाळेत नव्हते. मी धाराशिवच्या एका कातडीच्या दवाखान्यात थर्मल कॅमेरा चालवत होते, आणि अजूनही त्या कॅमेऱ्याचं नाव निघालं की माझा आवाज चढतो. घरचे म्हणतात, निवृत्त झालीस, आता तरी हळू बोल. नाही जमत!

आधी अकरा वर्षं मी एक्स-रे काढले. त्यात हाडं दिसतात, आणि हाड काही आपलं मत बदलत नाही. पण डॉक्टरसाहेबांनी हा कॅमेरा आणला, मला समोर बसवलं आणि पडद्यावर माझाच चेहरा दिसला. नाक निळं, डोळ्यांचे कोपरे पांढरेफटक, कपाळ लाल. मी तळहात भिंतीवर टेकवून उचलला तर भिंतीवर माझ्या हाताचा तांबडा ठसा, आणि बघता बघता तो विरून गेला. मी लहान मुलीसारखी सगळ्या भिंतीला हात लावत सुटले. साहेब म्हणाले, "पुरे आता, रंग लागेल." रंग कसला लागतोय, ती तर नुसती ऊब!

तर हा कॅमेरा उजेड बघत नाही, उष्णता बघतो. जास्त गरम ते पिवळं-पांढरं, त्याहून कमी ते लाल, थंड ते निळं. आता काही माणसांच्या कातडीत जन्मापासून रक्ताच्या बारीक नळ्यांचं दाट जाळं असतं. वरून लाल किंवा जांभळा डाग दिसतो. रक्त गरम, म्हणून जिथं रक्ताची ये-जा जास्त तिथं कातडी शेजारच्यापेक्षा किंचित गरम. लेझरने कापाकापी न करता त्या जादा नळ्या बंद करता येतात. पण लेझर मारायचा कुठं आणि किती? डोळ्याला फक्त वरचा रंग दिसतो. खाली जाळं किती जागं आहे, डागाची खरी हद्द कुठं संपते, हे कॅमेरा सांगतो. सुई नाही, चिरा नाही, स्पर्शसुद्धा नाही. याचंच काही लोकांना दुःख व्हायचं. "सुई न्हाय, काय न्हाय, मग हे कसलं तपासणं?" असं म्हणून एक आजोबा माझ्यावर रुसले होते.

तामलवाडीचे एक काका तर कायमचे लक्षात राहिलेत. अर्ध्या कपाळापासून जबड्यापर्यंत जांभळा डाग. फोटो काढायचा असं कळलं, तर गडी सकाळी कडक पाण्याने अंघोळ करून, केसांना तेल चोपडून, तोंडाला पांढरी पावडर लावून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर. मी सगळी पावडर ओल्या फडक्याने पुसून काढली. ते हिरमुसले. "फोटू चांगला नको का यायला?" मी म्हटलं, "काका, या कॅमेऱ्याला तुमचं रूप दिसतच नाही." त्यावर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "ह्यात ताप दिसतो, तर राग बी दिसत असंल?" मी त्यांना सांगितलं, माझा दिसतो.

आणि मला राग यायचा तो त्या वीस मिनिटांवरून. बाहेरून आलेली कातडी उन्हाची, वाऱ्याची, खच्चून भरलेल्या जीपची उष्णता घेऊन येते. तिला ते सगळं विसरू द्यावं लागतं. म्हणून नियम असा की आमच्या बसायच्या दालनात एसी एकाच अंशावर, पंखा बंद, चहा बंद, आणि डागाची जागा वीस मिनिटं पूर्ण उघडी. तिला कापड लागता कामा नये, हात लागता कामा नये. ऐकायला किती सोपं! पण माझ्यापुढं येणारी माणसं कोण? ज्यांनी जन्मभर तो डाग झाकण्यात घालवलाय अशी. वैशाखात मफलर गुंडाळणारे बाप्ये, एका बाजूला पदर ओढून मान तिरकी ठेवायची सवय लागलेल्या बायका. त्यांना चारचौघांत गाल उघडा टाकून वीस मिनिटं बसा म्हणणं म्हणजे भर बाजारात उभं करणंच. पण मी खाष्ट. पदर वर गेला की ओरडायचे, घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावायचे. प्रत्येकाच्या कागदावर एक रकाना असे, "उघडी वीस मिनिटं", आणि त्यात मी माझ्या हाताने "झाली" असं लिहीत असे. ते लिहिल्याशिवाय फोटो नाही.

तो रकाना मी एकदाच खोटा भरला. त्याचीच ही गोष्ट आहे.

वर्षा लोहाऱ्याकडची. विशीतली, बारीक चणीची, बोलणं कमी. तिची मुलगी ईश्वरी आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा चार महिन्यांची होती. डाव्या गालावर फुगीर लाल डाग, टोक डोळ्याच्या कोपऱ्याकडे सरकलेलं. लहान बाळांचे असे डाग आधी भराभर वाढतात, मग विझत जातात. पण डोळ्याजवळ वाढला तर पापणी मिटू लागते आणि दृष्टीवर बेतू शकतं. साहेबांनी तोंडाने द्यायचं औषध सुरू केलं आणि दर महिन्याला माझ्याकडे फोटो. डावा गाल उजव्यापेक्षा किती गरम, एवढंच बघायचं. गरमी उतरली म्हणजे डाग विझतोय. चढली म्हणजे वाढतोय.

वर्षाबरोबर तिची सासू येई. उंच, सावळी, आवाज असा की दालनातलं लेकरू दचकावं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, ह्यात तुमच्या डाक्टरचं काय चालायचं न्हाय. गिऱ्हाणात हिनं विळी हातात धरली. म्या नको म्हणलं व्हतं." वर्षा ऐकत होती. तिने बाळाचा डावा गाल आपल्या छातीशी घट्ट धरला आणि वरून पदर टाकला. नंतर मी पाहत आले, ती बाळाला नेहमी तशीच धरे. उजवा गाल बाहेर, डावा आत. बसमध्ये, रस्त्यात, दवाखान्यात. साहेब सासूबाईंना दर वेळी समजावून सांगत, या नळ्या पोटातच जास्त बनतात, ग्रहणाचा काही संबंध नाही. त्या मान डोलावत आणि बाहेर आल्या की विळीवर येत.

पहिले महिने ठीक गेले. गरमी आधी चढली, मग थांबली, मग थोडी उतरली. मी खुशीत होते.

ईश्वरी नऊ महिन्यांची असतानाच्या त्या दिवशी दालन खच्चून भरलेलं. वर्षाने बाळाचा गाल उघडा केला आणि समोरची एक बाई मोठ्याने म्हणाली, "आगं बया, लेकरू भाजलं का काय?" दहा माना वळल्या. वर्षाचा चेहरा असा झाला की मला बघवेना. पदर टाकून तिने बाळाला छातीशी घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. आणि मी, इतकी वर्षं लोकांवर ओरडणारी मी, हळूच म्हटलं, "राहू दे. झाकून घे. आत गेल्यावर काढ."

वीस मिनिटांनी त्यांना आत घेतलं. पदर काढला, लगेच फोटो घेतला. कागदावर लिहिलं, "झाली".

पडद्यावर डावा गाल पेटलेला. मधोमध पिवळा, कडा लालभडक, मागच्या महिन्याहून कितीतरी जास्त. साहेबांनी फोटो पाहिला आणि खुर्ची मागे सरकवली. मग त्यांनी दोघींना नीट सांगितलं. औषध लागू पडताना दिसत नाही. डाग खाली खोल वाढतोय, डोळ्याकडे. आता इथं थांबून चालणार नाही. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात पूर्ण भूल देऊन खोलवर लेझर करावा लागेल, आणि लवकर. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

सासूबाई म्हणाल्या, "बगा. म्या म्हणलं व्हतं." वर्षाने एकच विचारलं, "भूल दिल्यावर उठंल का हो ती?"

साहेब म्हणाले, उठेल, घाबरू नका. पण नऊ महिन्यांच्या जिवाला भूल देणं ही काही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्या गेल्या. वर्षाच्या पायात चप्पल नीट अडकत नव्हती, एवढं मला आठवतं.

पुढचा रुग्ण बसवून मी ईश्वरीचे फोटो लावून ठेवायला घेतले. मागच्या महिन्याचा एका बाजूला, आजचा दुसऱ्या बाजूला. आजच्यात त्या पेटलेल्या गालावर काहीतरी बारीक दिसलं. निळसर ठिपके, एका ओळीत, खाली झुकलेले. मला वाटलं भिंगावर धूळ बसली. भिंग पुसलं, तर कॅमेरा स्वच्छ होता. फोटो मोठा केला. ठिपक्यांची ओळ वळून खाली येत होती आणि तिच्या टोकाला, एकमेकांना चिकटून, दोन छोटी गोल वर्तुळं. मी बघत राहिले. आणि माझा हात आपोआप माझ्या गळ्याशी गेला.

मणी आणि दोन वाट्या! मंगळसूत्र!

तुम्हाला सांगते, वीस मिनिटं ते लेकरू आईच्या छातीशी दाबलेलं होतं. जिथं मणी रुतले तिथलं रक्त दाबून सरकलं, म्हणून ते ठिपके थंड. बाकीचा गाल आईच्या अंगाने तापलेला. मग तो पिवळा रंग डागाचा होता की वर्षाचा? नुसत्या डोळ्यांना तांबड्या डागावर ते वळ दिसलेच नसते. कॅमेऱ्याला दिसले होते, आणि आम्ही दोघं मधला रंग बघून मोकळे झालो होतो.

मी साहेबांच्या खोलीत घुसले. आत पेशंट होता, तरी घुसले. "साहेब, फोटो चुकलाय. मी चुकवलाय. गाल झाकलेला होता, मी वीस मिनिटं खोटी लिहिली."

साहेबांनी ठिपके पाहिले. "हे काय आहे?"

"मंगळसूत्र."

त्यांनी डोळे बारीक केले, चष्मा काढला, परत लावला. मग खुर्चीतून उठलेच. "त्यांना आणा परत! आत्ता!"

कागदावर नंबर होता तो वर्षाच्या नवऱ्याचा, आणि तो पुण्याला गाडी चालवायचा. त्याला फोन करून घाबरवण्यात अर्थ नव्हता. मी पांढऱ्या कोटातच रिक्षात बसले आणि स्टँडवर उतरले. छप्पन्न वर्षांची बाई फलाटावरून पळतेय, लोक बाजूला होतायत. लोहाऱ्याची एसटी लागलेली, इंजिन सुरू. मी दारातून वर चढले. दोघी मागून तिसऱ्या बाकड्यावर होत्या. वर्षाच्या कुशीत बाळ, डावा गाल आत.

सासूबाई म्हणाल्या, "आता आनि काय राहिलं? कशाला पळूलालाव एवढं?"

मला दम लागला होता. सगळी एसटी बघत होती. मी म्हटलं, "माझी चूक झाली. फोटो खरा नाही. लेकरू आईच्या छातीशी होतं, कॅमेऱ्याने आईच्या अंगाची ऊब धरली. परत चला. पुन्हा काढू. कदाचित भूल द्यावीच लागणार नाही."

वर्षा उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, "उतरताव का बसताव?" सासूबाई मात्र माझ्याकडे निरखून बघत होत्या. "कोट घातल्यालं मानूस चुकलो म्हनताना म्या पयल्यांदाच बघूलाले," असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली.

आता पुन्हा वीस मिनिटं! तेच दालन, तीच गर्दी, ती भाजलं-का म्हणणारी बाईसुद्धा तिथंच. मी घड्याळ लावलं. वर्षाने बाळाला मांडीवर सरळ बसवलं, पण दोन मिनिटं होतायत तोच तिचा हात बाळाच्या डोक्यामागे गेला आणि तिने त्याला ओढून घेतलं. मी पुन्हा घड्याळ लावलं. पुन्हा तेच. तिला ते कळतसुद्धा नव्हतं. तिसऱ्या वेळी ती रडायला लागली. "माझा हात ऐकंना, ताई."

तेव्हा सासूबाई उठल्या. "आन हिकडं. तू धरलीस की दाबतीस." त्यांनी ईश्वरीला घेतलं, गुडघ्याच्या टोकावर लोकांकडे तोंड करून बसवलं, दोन्ही काखांत हात घालून ताठ धरलं. गालाला काही लागू नये म्हणून आपला पदर मागे कमरेला खोचला. समोरच्या माना वळल्याच. त्यांनी त्या ठेवणीतल्या आवाजात सांगितलं, "जलमाचा डाग हाय. भाजल्याला न्हाय, रोग न्हाय. बगायचं तर नीट बगा, आनि मग आपापलं काम करा."

मग कुणीतरी हसलं. ती भाजलं-का बाई पुढं आली आणि टाळ्या वाजवून बाळाला खेळवू लागली. ईश्वरीने बोळकं पसरलं. दालनातले आणखी चारपाच जण तिच्याकडे बघत होते, आणि या वेळी ती त्यांच्याकडे. सतराव्या मिनिटाला ती पेंगली आणि मान आजीच्या दंडाकडे कलली. सासूबाईंनी हात लांब केला. त्यांचे दंड थरथरत होते. मी म्हटलं, मावशी, मी धरू का? त्या म्हणाल्या, "घड्याळ बगा तुमी."

वीस मिनिटं झाली. खरी झाली.

पडद्यावर डावा गाल आला आणि मी ओरडलेच. निळा! पूर्ण निळा नाही, उजव्यापेक्षा जरासा गरम, पण मागच्या महिन्याहूनही उतरलेला. औषध लागू पडत होतं. डाग विझत होता. ठिपके तर कुठंच नव्हते. साहेबांनी माझ्याकडून गार ओली पट्टी मागितली, ती गालावर क्षणभर ठेवून काढली. याने कळतं की कोणती जागा आधी तापते. सगळा गाल निळा राहिला आणि डोळ्याच्या कोपऱ्याशी, आगकाडीएवढी एक रेघ हळूहळू लाल झाली. "तिथं!" मी म्हटलं. "फक्त तिथं," साहेब म्हणाले.

त्यांनी आधीची चिठ्ठी फाडली. महिन्याभराने आमच्याच दवाखान्यात, बधिर करायचं मलम लावून, डोळ्यावर झाकण ठेवून त्या रेघेवर लेझरचे मोजके ठोके दिले. कुठं द्यायचे त्या जागा मी कॅमेऱ्यात बघून पेनाने खुणावल्या. माझा हात इतका स्थिर कधीच नव्हता. ईश्वरी रडली, अगदी दणक्यात रडली, आणि दहा मिनिटांत आजीच्या खांद्यावर झोपली. विळीचा विषय त्या दिवशी निघाला नाही, नंतरही माझ्यासमोर कधी निघाला नाही.

तो चुकीचा फोटो नियमाने काढून टाकायला हवा होता. मी छापून घेतला आणि माझ्या टेबलासमोर लावला, शेजारी बरोबर असलेला. नव्या येणाऱ्या मुलींना शिकवताना मी त्यावर बोट ठेवायचे. ही दया, हा तिचा परिणाम. नियम कडक ठेवा, फक्त बसायची सोय माणसासारखी करा. पुढं दालनात आम्ही खुर्च्या एकमेकींसमोर न ठेवता भिंतीकडे वळवल्या. हे आधी का सुचलं नाही, याची चुटपुट अजून आहे. त्या आधीची कितीतरी माणसं माझ्या आवाजाखाली भर दालनात डाग उघडा टाकून बसली, त्यातल्या काहींचे चेहरे मला आजही दिसतात.

निवृत्तीच्या आठवड्यात वर्षा ईश्वरीला घेऊन शेवटच्या तपासणीला आली. मुलगी तोवर शाळेत जाऊ लागलेली, गालावर फिकट गुलाबी पुसट खूण, दोन वेण्या. वर्षा साहेबांशी बोलत होती तोवर ती माझ्या टेबलापाशी येऊन फोटो बघत उभी राहिली.

"हे कोन हाय?"

"तू. दोन्ही तूच. नऊ महिन्यांची."

"आनि हे ठिपके?"

मी आपल्या गळ्यातलं मंगळसूत्र उचलून दाखवलं, आणि मग दाराबाहेर वर्षाकडे बोट केलं. सगळं सांगितलं तिला, मोठ्या माणसाला सांगावं तसं. मी म्हटलं, "यातला एक तुला देते. हा घे, हा बरोबर आहे. तो दुसरा चुकलेला आहे."

"मला त्योच पायजे."

"अगं, तो चुकीचा फोटो आहे."

"त्येच्यात आई हाय," ती म्हणाली.

मी तो भिंतीवरून काढला. द्यायच्या आधी उलटा केला. मागे मीच त्या दिवशी चिकटवलेला कागदाचा तुकडा होता, रकान्यासकट, माझ्या अक्षरात. पेन घेऊन "झाली" वर काट मारली, पुढं "झाली नाहीत" लिहिलं, खाली सही केली आणि फोटो तिच्या हातात दिला.